कप्तानाचा दुसरा कप

९ नोव्हेंबर

भिंगरे,

पोचलीस, खोली मिळाली, स्टोव्ह नीट पेटतोय, एवढं तू फोनवर सांगितलंस असं तुझी मामी म्हणते. मला नुसती भुणभुण ऐकू आली आणि मी तीनदा "बरं बरं" म्हटलं. तेव्हा आता पत्रानेच बोलू. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. आणि पत्र शेवटी आपल्याच विमानातून तुझ्यापर्यंत येणार, म्हणजे मीच थोडासा तिकडे येऊन गेल्यासारखं.

माझ्यानंतर आपल्या घरात इंजिनला हात लावणारी तू पहिली. तुझ्या आईला अजून वाटतं की मी तुला फूस लावली. लावलीच! पण आता पुढचं तुझ्या हातात आहे. पाच महिन्यांची उमेदवारी, मार्चअखेर विमान उडवणारा कप्तान तुझा अहवाल लिहिणार. त्याने "हो" लिहिलं तर स्वतःच्या सहीवर इंजिन उड्डाणाला सोडशील. "नाही" लिहिलं तर परत शहरातल्या त्या वर्कशॉपात दुसऱ्याच्या हाताखाली नटबोल्ट पुसत बसशील. म्हणून म्हाताऱ्याचं जरा ऐक.

हे इंजिन तुझ्या शाळेतल्या इंजिनांसारखं नाही. मधल्या पोटाभोवती नऊ सिलिंडर गोल मांडलेत. थंडीत उभं राहिलं की तेल डिंकासारखं घट्ट होतं. तसंच सुरू केलं तर तेल पोचायच्या आत लोखंड लोखंडावर घासतं, आणि ते घासलेलं कधीतरी डोंगरावरून जाताना बोलतं. म्हणून रोज सकाळी इंजिनवर रजई असली पाहिजे (ते जाड कापडी आवरण, आम्ही त्याला रजईच म्हणायचो), तिच्यात हीटरची सोंड खुपसायची आणि तासभर गरम हवा द्यायची. कॉकपिटमधला काटा सिलिंडरचं तापमान दाखवतो, पण नऊपैकी एकाचंच, तेही वरच्याचं. गरम हवा वर चढते. तेव्हा काटा बघ, आणि मग पट्टा सोडून आत हात घाल आणि सगळ्यात खालच्या सिलिंडरला विचार. मी एकतीस हिवाळे हेच केलं. एकतीस हिवाळ्यांत माझ्या हातून एकदाही थंड इंजिन सुटलं नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे.

अजून एक. रजईची खालची शिवण दरवर्षी उसवते. वीतभरच, पण वारा घुसतो. दुहेरी दोऱ्याने शिवून टाक.

कप्तानाला नमस्कार सांग. मोजकं बोलतो, पण माणूस चांगला. चहाचा मात्र भारी शौकीन. निघताना मी त्याला चहाचा हा एवढा मोठा डबा दिला होता. आत्तापर्यंत फस्त केला असेल.

तुझा मामा

*

२४ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र मी स्वतः विमानातून उतरवलेल्या टपालाच्या पोत्यात निघालं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मी तिथेच बर्फात बसून वाचलं. बूड गारठलं, पण बरं वाटलं.

शिवण शिवली. दुहेरी नाही, तिहेरी दोऱ्याने. दाभण दोनदा अंगठ्यात घुसला. आता वाराच काय, मुंगीसुद्धा आत जायची नाही.

सकाळी उणे अठ्ठावीस असतं. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटतात. पण एक सांगू? रजई घातलेलं ते इंजिन, आत हीटरची घरघर आणि खालून निघणारी वाफ बघितली की मला फार आवडतं. एखाद्या आजारी माणसाला शेक देत बसल्यासारखं वाटतं.

आता भांडण. तू म्हणतोस हात लाव. शाळेत आम्हाला घोकून घोकून शिकवलंय की काटा चाळीसवर आला की इंजिन तयार. हाताला अंश कळतात का? शिवाय इथे उघडा हात लोखंडाला लागला तर कातडं तिथेच राहतं. बरं, तुझं ऐकायचं ठरवलं तरी किती गरम लागायला हवं ते तर सांग. आंघोळीच्या पाण्याइतकं? ताप आलेल्या कपाळाइतकं?

आणि तुझे कप्तान! मी वर जाऊन काटा बघते, खाली येऊन सांगते, "तयार." हे विमानाला एक फेरी मारतात, कुत्र्याच्या पोटाला थोपटावं तसं इंजिनला खालून थोपटतात, आणि कधी सरळ चढतात, तर कधी म्हणतात, "अजून एक कप घेऊ या का? घाई काय आहे." मग अर्धा तास शेडमध्ये बसून कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघत राहायचं. हीटर आपला चालूच. हा काय प्रकार आहे?

ता. क. माझी तिहेरी शिवण पाचव्या दिवशी उसवली. कुणीतरी कापल्यासारखी. मी परत शिवली आहे.

तुझी भिंगरी

*

८ डिसेंबर

भिंगरे,

वाचून हसलो. अगं, तो आहेच तसा! माझ्या वेळीही हेच. मी "तयार" म्हटलं, रजईला हात घातला की हा म्हणायचा, "मिस्त्री, अजून एक कप होऊन जाऊ दे." मला तर मजा वाटायची. मी डायरीत रोजचं तापमान लिहायचो ना, त्याच्यापुढे गमतीने लिहून ठेवायचो: आज कप्तान दोन कप. एवढ्या थंडीत माणसाला दुसरा कप लागतोच. डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

थोपटतो म्हणतेस, तेही जुनंच. लाड करतो इंजिनचे.

शिवणीचं म्हणशील तर उंदीर असावेत. मीही दरवर्षी शिवायचो आणि दरवर्षी तिथेच उसवायची. शेडच्या मागे पिंजरा ठेव.

किती गरम लागायला हवं, ते कळतं गं. असं पत्रातून नाही सांगता येत. लावत राहिलीस की कळेल.

इकडे काही विशेष नाही. पंखा फिरतो, मी त्याच्याखाली बसतो. परवा मामीने गॅस बंद करायला सांगितलं, मी पातेलं उचलून बाजूला ठेवलं, तर ती किंचाळली. पातेलं उकळत होतं म्हणे आणि मी ते नुसत्या बोटांनी धरलं होतं. चार बोटांना फोड. म्हाताऱ्याची कातडी निबर झाली, दुसरं काय!

मामा

*

२९ डिसेंबर

मामा,

तू हसतोयस आणि इथे माझ्या नोकरीचं खोबरं होतंय.

मी मोजलं. डिसेंबरात अकरा वेळा दुसरा कप. एकदाही साध्या दिवशी नाही. जितकी थंडी जास्त, तितका हटकून दुसरा कप. म्हणजे जेव्हा काम सगळ्यात अवघड असतं, नेमकं तेव्हा माझ्या शब्दाची किंमत शून्य! काटा बेचाळीस, त्रेचाळीस, मी खणखणीत आवाजात सांगते, "तयार," आणि हे माझ्या तोंडाकडे न बघता म्हणतात, घाई काय आहे. ऑफिसातल्या बाईंनी सहज सांगितलं की माझ्या आधी उन्हाळ्यात आलेला मुलगा तीन महिन्यांत परत गेला. त्याच्याबद्दल कप्तान कधी एक वाईट शब्द बोलले नाहीत, फक्त अहवालात "नाही" लिहिलं.

काल मी धीर करून विचारलं, "माझं काही चुकतंय का?" तर म्हणाले, "नाही, नाही, तुझं काम स्वच्छ आहे." आणि कपात बघत बसले. मी विषय बदलायला म्हटलं, "मामाने दिलेला डबा संपला का हो?" तर नुसते हसले. आणि तो चहा पितात तरी कसे, औषध घेतल्यासारखे!

शिवण तिसऱ्यांदा उसवली आहे. पिंजऱ्यात एकही उंदीर नाही.

राजीनामा लिहून खणात ठेवला आहे. त्यांनी "नाही" लिहायच्या आधी मीच जाईन, तेवढा तरी मान राहील. फक्त एक खरं सांग. तुझ्या वेळी ते तुझ्या शब्दावर लगेच चढायचे ना?

भिंगरी

*

११ जानेवारी

माझी भिंगरी,

तुझं पत्र मी वाचलं, मग मामीने वाचलं, आणि लगेच लिहायला बसलो.

खरं विचारलंस, खरं सांगतो. माझ्या वेळीही थंडीच्या दिवशीच तो दुसरा कप घ्यायचा. मग काय, एकतीस हिवाळे काढलेल्या माझ्यावरही त्याचा विश्वास नव्हता म्हणू? तू उगाच मनाला लावून घेतेयस. तो राजीनामा आधी फाड. फाडून स्टोव्हमध्ये घाल, तेवढंच कागदाचं सोनं होईल.

तू एवढीशी होतीस तेव्हा माझ्या हत्यारांच्या पेटीत बसून पाने ओळखायचीस. बाकीची पोरं बाहुल्या मागायची, तू बारा नंबरचा पाना मागायचीस. कुणाच्या चहावरून तू हे सोडणार असशील तर मी तिथे येऊन तुझे कान उपटीन, ऐकू येत नसलं तरी.

आणि हाताचं तेवढं मनावर घे. बोटांनी नको. मनगटाची आतली बाजू लाव, आई बाळाच्या आंघोळीचं पाणी बघते तशी. तिथली कातडी खोटं बोलत नाही.

मामा

*

२ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र लांब होणार आहे. चष्मा लावून बस.

गेल्या सोमवारी कप्तानांची पाठ धरली. उठता येईना, बसता येईना. त्यांच्या जागी खालच्या विमानतळावरून एक बदली वैमानिक आला. हसरा, चटपटीत माणूस. गुरुवारी सकाळी उणे छत्तीस, आणि सातलाच डोंगरापलीकडच्या वस्तीतून निरोप आला की शाळेतल्या बाईंचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, ताबडतोब या.

हीटर साडेपाचपासून चालू होता. मी वर चढले, काटा बेचाळीस. खाली येऊन सांगितलं, "तयार." बदली वैमानिक म्हणाला, "शाब्बास! काढ रजई." थोपटणं नाही, चहा नाही, काही नाही. मामा, तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझ्या एका शब्दावर चढलं. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळत पट्टे सोडायला गेले.

तेवढ्यात ऑफिसातल्या बाईंनी हाक मारली. कप्तानांचा फोन, अंथरुणातून. मला वाटलं हवामान विचारतील. तर म्हणाले, "त्याने दुसरा कप घेतला का?"

मी म्हटलं, "नाही. त्यांना चहा नकोच आहे."

मग म्हणाले, "खालच्या शिवणीतून हात घाल. आत्ता. हातमोजा काढून."

मी धावले. ती उसवलेली शिवण, जी मी तीन वेळा शिवली होती, तिच्यातून बरोबर एक हात आत जातो. कोपरापर्यंत. तू सांगितलंस तसं मनगट लावलं. मामा, बर्फ. वर काटा बेचाळीस दाखवतोय, वरचे सिलिंडर चांगले कोमट, आणि तळाचा सिलिंडर बर्फासारखा. त्याच्याच शेजारी सगळं तेल खाली उतरून साचलेलं. तेल कसलं, डिंकच.

मी वर ओरडून सांगितलं, "तयार नाही." बदली वैमानिक खिडकीतून वाकला. "आत्ताच तर तयार म्हणालीस! काटा बघ, सगळं ठीक आहे. तिकडे बाई मरतेय, मुली." ते शब्द अजून कानात आहेत. मी म्हटलं, "मी मघाशी चूक बोलले. इंजिन मध्येच बसलं तर त्याही मरतील आणि तुम्हीही." रजईचा पट्टा हाताला गुंडाळून विमानाच्या पंख्यापुढे उभी राहिले. तो खूप चिडला. मग उतरला, खाली हात घालून बघितला आणि स्वतःच हीटरकडे वळला.

सोंड वरून काढून खालून खुपसली. पस्तीस मिनिटं लागली. त्या पस्तीस मिनिटांत मी एकदाही घड्याळाकडे बघू शकले नाही, सारखं त्या बाईंचं पोट डोळ्यांपुढे येत होतं. मग मनगटाला ऊब लागली. ताप आलेल्या कपाळाइतकी, मामा. मी विचारलं होतं ना? तेवढीच. पंखा हाताने फिरवून बघितला, मऊ फिरला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि तेलाचा दाब लगेच वर आला. दुपारी बारापर्यंत बाई शहरात ऑपरेशनच्या टेबलावर होत्या. वाचल्या. काल त्यांनी निरोप पाठवला की शाळेतली मुलं तुम्हाला चित्रं काढून पाठवणार आहेत. माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

संध्याकाळी मी कप्तानांकडे गेले आणि मनसोक्त भांडले. म्हटलं, तुम्हाला रोज कळत होतं की खाली थंड आहे, तुम्ही शिवण उसवून हात घालत होतात, चहाच्या नावाने हीटरला वेळ देत होतात, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? मी रोज चुकत होते आणि तुम्ही मला रोज "काम स्वच्छ आहे" म्हणत होतात? ते छताकडे बघत उताणे पडून होते. म्हणाले, "चुकलं माझं. तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सवय पडून गेली होती."

तर असं आहे. राजीनामा स्टोव्हमध्ये गेला. तुझं पहिलंच पत्र नीट वाचलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. तू सांगितलंस आणि मी हसण्यावारी नेलं. मामा, मनापासून सांगते, तुझ्यामुळे त्या बाई जिवंत आहेत.

तुझी भिंगरी

*

१४ फेब्रुवारी

भिंगरे,

शाब्बास माझ्या पोरी. पट्टा हाताला गुंडाळून उभी राहिलीस ते वाचलं तेव्हा मामीने डोळे पुसले, आणि मी आत जाऊन पुसले.

पण तुझ्या पत्रातला एक शब्द मला झोपू देईना. "सवय पडून गेली होती." सवय कुणामुळे पडली? तुला येऊन तीन महिनेच झालेत. तुझ्या आधी उन्हाळा होता, उन्हाळ्यात हीटर कोण लावतो?

माळ्यावरून डायऱ्या काढल्या. कप्तान तिथे येऊन चौदा वर्षं झाली. पहिल्या आठ वर्षांत "दोन कप" असं मी एकदाही लिहिलेलं नाही. त्यानंतर सहा हिवाळे पानापानावर आहे. उणे तीस, दोन कप. उणे तेहतीस, दोन कप. आणि शिवण उसवायला लागली तीही त्याच हिवाळ्यापासून. मी गमतीने लिहीत होतो आणि माझीच नालस्ती लिहीत होतो.

आता तुला ते सांगतो जे मामीलाही आजच सांगितलं. सात वर्षांपूर्वी कप्तानाला आणि मला गोठलेल्या तळ्यावर उतरावं लागलं होतं. दोन प्लग काळे पडले होते. हातमोजे घालून प्लग धरता येईना, म्हणून मी ते काढले आणि उघड्या हाताने प्लग बदलले. आम्ही परत आलो, पण माझी बोटं आली नाहीत. दिसायला आहेत. लागत काही नाही. डॉक्टरला सांगितलं, थोडं सुन्न वाटतं. थोडं नव्हतं गं. डॉक्टरने लिहिलं असतं तर त्याच दिवशी मला ऑफिसातल्या खुर्चीत बसवलं असतं, आणि इंजिनशिवाय मी कोण? म्हणून सहा हिवाळे मी रजईखाली हात घालून उभा राहायचो, मनातल्या मनात शंभर मोजायचो, आणि "तयार" म्हणायचो. मला गरम कळत नव्हतं, थंड कळत नव्हतं. तू विचारलंस ना, किती गरम लागायला हवं? मला आठवतच नव्हतं. मनगटाची युक्ती तुला सांगताना मला पहिल्यांदा सुचली. स्वतः मी ती कधी केली नाही. सवयीने बोटंच लावायचो, कुणाला शंका येऊ नये म्हणून.

मला वाटायचं, कुणाला कळलं नाही. आणि तो बाबा सहा हिवाळे माझ्यामागून येऊन शिवणीतून हात घालून बघत होता. एकदा तोंडातून ब्र काढला नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्रींनी कधी थंड इंजिन सोडलं नाही." माझी छाती फुगली होती! आणि मी, गाढव, दरवर्षी त्याची शिवण शिवत होतो.

एकतीस नव्हेत भिंगरे, पंचवीस हिवाळे माझे. सहा त्याचे. हे कुठे लिहून ठेवायचं असेल तर तसं लिहून ठेव.

तुला हे ठाऊक होतं असं मला वाटतं. तू माझ्यापासून लपवलंस, माझ्यासाठीच लपवलंस. रागावलो नाही. पण आता हे पान त्याला नेऊन दाखव. मला तोंड दाखवायची लाज वाटते, आणि आभार कसे मानायचे तेही सुचत नाही. साठी उलटली, पण एवढ्या मोठ्या उपकाराला पुरेल असा शब्द कधी शिकलो नाही.

मामा

*

३ मार्च

मामा,

हो, ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी भांडता भांडता म्हटलं, "माझ्या मामाला तरी असं केलं असतंत का?" आणि ते इतके गप्प झाले की मला कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळू द्यायचं नाही. ते वचन मी एका "सवय" या शब्दात घालवलं. तुझ्यासारख्या मेकॅनिकपासून काही लपवायला बसणं हाच वेडेपणा.

मी त्यांना एक गोष्ट मात्र ऐकवली, आणि तीही तुला सांगते. तुझा मान राखला ते थोर. पण माझा मान राखायची गरज नव्हती, मला शिकवायची होती. ते म्हणाले, "बरोबर आहे. म्हाताऱ्यासाठी जे केलं तेच नवीनसाठी केलं, तिथे चुकलो." त्यांना राग आला नाही. मलाही नंतर आला नाही. पण बोलायला हवं होतं, नाहीतर माझ्या पोटात राहिलं असतं.

तुझं पान नेऊन दिलं. त्यांची पाठ आता बरी आहे. खिडकीशी उभे राहून वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. मला म्हणाले, "जा, हीटर बघ." हीटर बंद होता, मामा. मी गेले.

रजईचं म्हणशील तर आता शिवण शिवलेली नाही. तिथे मी खिडकी केली आहे, वीतभर रुंद, वर झाकण आणि तीन मोठी बटणं. हात घालायचा, बघायचा, बटणं लावायची. तळाच्या सिलिंडरला दुसरी तापमापकाची तार बसवायची परवानगीही मिळाली, पुढच्या महिन्यात दुसरा काटा येईल. तरी मनगट लावायचं मी सोडणार नाही.

अहवाल महिनाअखेरची वाट न बघता आजच आला. त्यात एवढंच आहे: "हिने 'तयार नाही' म्हटलं तर थांबावं. सहीचा अधिकार द्यावा." आजपासून इंजिन माझ्या सहीवर सुटतं. पहिली सही मनगट लावून मगच केली.

तुझे पंचवीस हिवाळे मला पुरेत. मला येतं ते सगळं तुझ्याकडून आलं. बारा नंबरचा पानासुद्धा.

तुझी भिंगरी

*

३१ मार्च

मिस्त्री,

पत्र लिहायची मला सवय नाही. चार वेळा सुरू करून फाडलं.

तुम्ही आभाराचं लिहिलंत. तळ्यावरचा तो दिवस तुम्ही अर्धाच सांगितलात. माझे हातमोजे भिजले होते. तुम्ही स्वतःचे काढलेत ते प्लग धरता येईना म्हणून खरे, पण काढून खिशात ठेवले नाहीत. माझ्या हातात घातलेत आणि म्हणालात, "तुमचे हात राहिले पाहिजेत, परत न्यायचंय ना आपल्याला." माझी दहाही बोटं आज जागेवर आहेत. ती मी रोज सकाळी तुमच्या इंजिनखाली घालायचो. त्यात उपकार कसला? तुमच्यासाठीच तर ती राहिली होती.

तेव्हा एकतीस हिवाळे तुमचेच आहेत. मी डायरीत बदल करू देणार नाही.

एक मात्र कबूल करायचं राहिलंय. मला चहा आवडत नाही. लहानपणापासून. पहिला कप तुमच्या सोबतीला म्हणून घ्यायचो आणि दुसरा इंजिनसाठी. तुम्ही दिलेला डबा म्हणूनच कपाटात तसाच बंद होता. फेकवेना आणि पिववेना. तुमच्या भाचीने विचारलं तेव्हा माझी चांगलीच पंचाईत झाली होती.

आज सकाळी उणे नऊ होतं. थंडी सरली. तिने बटणं उघडून मनगट लावलं आणि म्हणाली, "तयार." मी तुमचा डबा उघडला. तिला दोन कप करायला सांगितले आणि दोन्ही प्यायलो. इंजिन खरंच तयार होतं, वरपासून खालपर्यंत. तरीही दुसरा कप घेतला, मिस्त्री. आज तो नुसता चहा होता.

कप्तान